अर्धा मग चुंबकीय उत्तर

पहाटे साडेपाच वाजता सोलापूरच्या होम मैदानावर सैन्यभरतीची तयारी करणारी दहा-पंधरा मुले जमतात, आणि गेल्या काही वर्षांपासून त्यांच्या धावण्याची वेळ घड्याळावर मोजण्याचे काम माझ्याकडे आहे. सैन्यात मी हवालदार होतो. रंगरुटांना हिंदी, सामान्य ज्ञान आणि नकाशावाचन शिकवण्यासाठी माझी नेमणूक होती, म्हणून मुले मला 'फौजी सर' म्हणतात. १६०० मीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत आणि बीमवर १० पुल-अप, हे भरतीचे गणित त्यांना तोंडपाठ आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की मैदानावर पाळणे आणि दुकाने उभी राहतात, तेव्हा आम्ही विजापूर रस्त्याला कंबर तलावाच्या बाजूने धावतो. खंड मात्र पडू देत नाही.

या मुलांचा एक प्रश्न दर वर्षी ठरलेला असतो. भरतीची तारीख जवळ आली की कोणीतरी धीर करून विचारतो, "सर, तिथं नव्या पोराची लई खेचतेत म्हणे. खरं हाय का?" १६०० मीटरचे किंवा नऊ फुटी खड्ड्यावरून उडी मारण्याचे त्यांना फारसे काही वाटत नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत चारचौघांत आपले हसे होईल, ही भीती त्यांच्या मनात जास्त खोल असते. मैदानावर मी त्यांना आजवर तुकड्यातुकड्यांनी उत्तरे देत आलो. आज सगळे एका जागी लिहितो आहे, कारण सैन्यातील थट्टामस्करी हा विषय मला कधीच हलका वाटलेला नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या चाळीस मुलांची काही महिन्यांत एक तुकडी कशी होते, हे मी अनेक वेळा डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यात कवायतीइतकाच वाटा हसण्याचा होता असे माझे ठाम मत आहे.

सैन्यातला पहिला विनोद बहुधा कवायतीच्या मैदानावरच घडतो, आणि त्याचे कारण हुकमाच्या रचनेत आहे. प्रत्येक हुकमाचे दोन भाग असतात. 'दाहिने' हा सूचनेचा भाग लांबवून उच्चारला जातो, मग क्षणभर शांतता असते, आणि त्यानंतर 'मुड' हा कृतीचा शब्द सुटतो. शरीर हलायचे ते त्या शेवटच्या शब्दावरच. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत तासभर घालवल्यावर दमलेले मन पुढचा हुकूम ऐकण्याआधीच अंदाज बांधू लागते. उस्तादांना, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना, हे ठाऊक असते, म्हणून ते मधला थांबा मुद्दाम वाढवतात, आणि चाळीसातले पंधराजण न दिलेल्या हुकमावर वळून मोकळे होतात. मग येतो तो हुकूम, जो मला संपूर्ण कवायतीत सर्वांत माणुसकीचा वाटतो : 'जैसे थे'. आपल्याकडे न्यायालयाच्या बातम्यांतून हा शब्दप्रयोग रोज छापून येतो, पण मैदानावर त्याचा अर्थ असा, की चूक झाली, ती सगळ्यांनी पाहिली, आता पहिल्या जागी या आणि पुन्हा सुरुवात करा. दिवसातून शंभर वेळा 'जैसे थे' ऐकणाऱ्या मुलाला आपल्या चुकीची लाज हळूहळू वाटेनाशी होते, आणि लाज गेली की शिकणे सोपे होते.

माझ्या आठवणीतला एक प्रसंग आपल्या सोलापूरचाच आहे. एका तुकडीत पूर्व भागातला एक मुलगा होता. वडील यंत्रमागावर कामाला, घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि गल्लीत दोन्हींची सरमिसळ. हिंदीही त्याला चांगली येत असे. पण माणूस फार दमला की मोजणी मातृभाषेत करतो, हे मी पुढे अनेकांच्या बाबतीत पाहिले. सकाळच्या दौडीनंतर ओळ उभी राहिली आणि 'गिनती कर' असा हुकूम झाला. पहिला ओरडला 'एक', दुसरा 'दो', आणि तिसऱ्या जागेवर उभ्या असलेल्या या मुलाने छाती भरून आरोळी ठोकली, 'मूडु!' तेलुगूत मूडु म्हणजे तीन. बाकीच्यांच्या कानांनी मात्र त्यातला 'मुड' तेवढा उचलला, आणि मागची अख्खी ओळ टाच आपटून उजवीकडे वळली. काही जण डावीकडेही वळले, कारण कोणत्या बाजूला वळायचे हे कोणी सांगितलेच नव्हते. उस्ताद दोन क्षण स्तब्ध उभे राहिले. त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावून शब्दाचा अर्थ विचारला, तो समजून घेतला, आणि मग सगळ्यांना 'जैसे थे' देऊन म्हणाले, "कल से तीसरा जवान यही बोलेगा, और जो मुडेगा वो मैदान के तीन चक्कर लगाएगा." पुढचा आठवडाभर त्या तुकडीच्या गिनतीत तीनच्या जागी 'मूडु' येत राहिला, आणि ऐकूनही न वळण्याचा सराव सगळ्यांना झाला. तो मुलगा पहिल्या दिवसापासून आपले तेलुगू लपवत असे. त्या आठवड्यानंतर त्याच्या खाटेभोवती बसून मुले दहापर्यंत आकडे शिकू लागली.

खरे तर फौजेच्या भाषेचा मोठा भाग अशा ऐकण्यातल्या घोटाळ्यांतूनच घडलेला आहे. रंगरूट हा शब्द 'रिक्रूट'वरून आला, संतरी 'सेंट्री'वरून आला, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर गोरा साहेब 'हू कम्स देअर' असे ओरडायचा ते आपल्या शिपायांच्या तोंडी 'हुकमदार' झाले. उलट दिशेनेही शब्द गेले. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सोल्जर महिनोन्महिने पडून राहत. त्या रिकामपणात डोके फिरलेल्या माणसाला ते 'डूलाली' म्हणू लागले, आणि आपल्या देवळालीचे नाव इंग्रजी कोशात जाऊन बसले. मराठा शिपायाला त्यांनी 'गणपत' हे टोपणनाव दिले होते. त्या नावात साहेबाची मिजास किती आणि माया किती, हे ठरवणे कठीण आहे. मला स्वतःला ते नाव संपूर्ण निर्मळ वाटत नाही. बरोबरीच्या माणसाने ठेवलेले टोपणनाव आणि वरच्याने ठेवलेले टोपणनाव यांत अंतर असतेच.

रगड्याबद्दल, म्हणजे चुकीबद्दल शिक्षा म्हणून करून घेतल्या जाणाऱ्या कसरतीबद्दल, मुलांनी मोबाइलवर इतके काही पाहिलेले असते, की त्यावर मी फार लिहीत नाही. फ्रंट रोल, पाठीवर पिट्ठू बांधून दौड, हे सारे असते आणि ते अंगाला लागते. एवढेच ध्यानात ठेवावे, की चूक एकाची असली तरी रगडा बहुतेक वेळा सगळ्यांना मिळतो. या एका पद्धतीमुळे थट्टेवर आपोआप लगाम बसतो, कारण ज्याच्या मस्करीने चाळीसजणांना घाम गाळावा लागतो, त्याला ती मस्करी त्या घामाच्या तोलाची करावी लागते.

तशा तोलाची एक मस्करी सांगतो. अक्कलकोट तालुक्यातल्या एका मुलाच्या आईने सुटीवरून परतताना त्याला शाळूच्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती. बराकीत खाण्याचे पदार्थ ठेवायला मनाई होती. दुसऱ्या दिवशी सामानाची तपासणी होती. तीत कांबळ्याची घडी अशी लागते, की तिचा पृष्ठभाग फळीसारखा सपाट आणि कडा धारदार दिसल्या पाहिजेत. मुले त्यासाठी घडीत पुठ्ठा घालतात, हे उस्तादांनाही माहीत असते. या मुलाने दोन्ही अडचणी एकदमच सोडवल्या : बारा कडक भाकऱ्या कांबळ्याच्या थरांत एकीवर एक अशा नीट पसरल्या आणि वरून घडी घातली. बराकीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होते आणि सगळे श्वास रोखून उभे होते. उस्ताद त्या खाटेपाशी आले, घडीकडे पाहून समाधानाने मान हलवली, आणि सवयीप्रमाणे वरून हाताने दाबून पाहिले. कर्रकन आवाज झाला. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा तसाच आवाज. मग त्यांनी घडी उलगडली, तुकडे पाहिले, एक उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि विचारले, "इसके साथ कुछ होता होगा?" त्या मुलाने थरथरत्या हाताने बुटाच्या पिशवीतून चटणीची पुडी काढली. उस्तादांनी सगळ्या बराकीला बाहेर काढून मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या, आणि फेऱ्या संपल्यावर प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा एक तुकडा आणि चिमूटभर चटणी ठेवली. बारा भाकऱ्यांचे चाळीस वाटे त्यांनी स्वतः केले. मी सोलापूरचा म्हणून सगळ्यांत शेवटी त्यांनी माझ्याकडेही एक तुकडा पाठवला; इतकी चवदार भाकरी मी घरीही क्वचितच खाल्ली असेन.

नव्या माणसाला जगात नसलेली वस्तू आणायला पाठवणे ही तर जगभरच्या सैन्यांची सामाईक रीत दिसते. अमेरिकन सैन्यात नवख्याला नकाशावरच्या ग्रिडच्या चौकोनांचा डबा आणायला भांडारात पाठवतात. ब्रिटिशांकडे त्याला 'लाँग वेट' मागून आणायला सांगतात. 'वेट' म्हणजे वजन आणि 'वेट' म्हणजे वाट पाहणे, हे दोन्ही इंग्रजी शब्द कानाला सारखेच, त्यामुळे भांडारी त्याला अर्धा तास ताटकळत ठेवतो आणि मग सांगतो, की तुझी लाँग वेट पूर्ण झाली. नौदलांत विषुववृत्त पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला समुद्रदेव नेपच्यूनच्या दरबारात उभे करतात. चार्ल्स डार्विनही यातून सुटला नाही. फेब्रुवारी १८३२ मध्ये 'बीगल' जहाजावर त्याच्या तोंडाला रंग आणि डांबर फासून, लोखंडी पट्टीने दाढी केल्याचे नाटक करून त्याला पाण्यात ढकलून दिले होते.

आमच्याकडे ही रीत माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आली. दुपारी मी नकाशे गुंडाळत असताना नवीन तुकडीतला एक सडपातळ मुलगा हातात स्टीलचा मग घेऊन दारात सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "साब, अर्धा मग चुंबकीय उत्तर पाहिजे." वरच्या तुकडीतल्या एकाने त्याला पाठवले होते. त्याचे ऐकून हसू येण्याआधी माझ्या लक्षात आले, की याचा विश्वास अगदीच निराधार नाही. सैन्यात वापरला जाणारा प्रिझमॅटिक कंपास द्रवाने भरलेला असतो. त्यातली तबकडी फार वेळ डोलत राहू नये, लवकर स्थिर व्हावी, म्हणून तो द्रव घातलेला असतो. सकाळीच कोणीतरी त्याला तो दाखवला होता. ज्या यंत्रातून उत्तर दिशा कळते त्यात काहीतरी पातळ भरलेले आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरून होता.

मी त्याला आत बसवले. नकाशा उलगडून दाखवला, की उत्तर एक नसून तीन असतात : ध्रुवाकडे जाणारी खरी उत्तर, नकाशावरच्या उभ्या रेषा ज्या दिशेला जातात ती ग्रिड उत्तर, आणि कंपासची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. ही तिसरी दर वर्षी थोडी थोडी सरकते, म्हणून नकाशाच्या समासात तिचा फरक आणि वार्षिक बदल छापलेला असतो. तो हिशेबात न धरता चाललेली तुकडी काही किलोमीटरनंतर भलत्याच टेकडीवर पोहोचते. मुलाने सगळे ऐकले, मग हातातल्या मगाकडे पाहिले, आणि आपली गंमत झाली आहे हे त्याला उमगले. तो क्षण फार नाजूक असतो. मी त्याला विचारले, की आता परत जाऊन काय सांगशील? त्याने थोडा विचार केला, नकाशाच्या समासातले आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर उतरवून घेतले, तो कागद मगात टाकला आणि गेला. पाठवणाऱ्याला मगातला कागद वाचता आला नाही, कारण तीन उत्तरांचा हिशेब त्यालाही येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो वरच्या तुकडीतला मुलगा माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसला. नकाशावाचनाच्या परीक्षेत दोघेही उत्तीर्ण झाले, आणि पुढे ते एकाच पलटणीत गेल्याचे माझ्या कानावर आले.

इथवरचे प्रसंग सांगताना मला आनंद होतो. पुढचा सांगताना होत नाही, पण तो सांगितल्याशिवाय मुलांच्या प्रश्नाचे उत्तर खरे होणार नाही.

माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणाच्या काळात मोबाइल नव्हते. घराशी दुवा म्हणजे अंतर्देशीय पत्र. आमच्या बराकीत एक मुलगा होता, ज्याच्या आईवडिलांना लिहिता येत नसे, आणि त्याची पत्रे गावातल्या कोणाकोणाकडून लिहून येत, त्यामुळे दर वेळी अक्षर वेगळे. बराकीत सगळ्यांत चांगले अक्षर माझे होते. आम्ही काही जणांनी मिळून त्याच्या वडिलांच्या नावाने एक पत्र रचले, त्यात त्याचे लग्न ठरल्याचे लिहिले, मुलीचे गाव आणि मामाचा होकारही घातला. ते पत्र मी माझ्या हाताने लिहिले. योगायोगाने त्याच दिवशी त्याचे खरे पत्र आले. आमचे पत्र आधी वाचले जावे म्हणून खरे पत्र न उघडता बाजूला ठेवले. रात्री द्यायचे ठरले होते. तो पत्र वाचून इतका हरखला, की सगळ्यांना मिठ्या मारत सुटला, आणि आमच्यापैकी कोणालाच त्याला खरे सांगण्याचा धीर झाला नाही. त्याच संध्याकाळी अचानक तुकडीला बाहेरच्या सरावासाठी हलवण्यात आले. परत आलो तेव्हा तीन दिवस उलटून गेले होते. खऱ्या पत्रात लिहिले होते, की वडील बैलगाडीखाली सापडले आहेत, दवाखान्यात ठेवले आहे, रजा मिळाल्यास ताबडतोब निघून ये.

तो त्याच रात्रीच्या गाडीने गेला. वडील वाचले. पण तीन दिवस त्याची आई दवाखान्याच्या ओट्यावर एकटी बसून होती, आणि मुलगा का येत नाही हे तिला कळत नव्हते.

उस्तादांनी ओळ लावून विचारले, तेव्हा मी एक पाऊल पुढे आलो आणि माझ्यामागे बाकीचेही आले. आम्ही रगड्यासाठी तयार होतो. खरे तर आम्हाला तो हवा होता. त्यांनी दिला नाही. ते म्हणाले, "रगडा गलती का होता है. ये गलती नहीं है." मग त्यांनी हाताची चार बोटे मोजून दाखवली : नींद, पानी, हथियार, चिट्ठी. या चार गोष्टींना मस्करीत हात लावायचा नाही, कारण या चारांवर जवान जगतो. मला शिक्षा मिळाली ती डाक वाटण्याची. कसम परेडच्या, म्हणजे प्रशिक्षण संपताना शपथ घेण्याच्या, दिवसापर्यंत रोज दुपारी मी डाक आणून, ज्याचे पत्र त्याच्या हातात ठेवल्यानंतरच जेवायला बसत असे. तो मित्र रजेवरून परतला, पण आठ दिवस माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने माझ्यासमोर कोरे अंतर्देशीय पत्र ठेवले आणि म्हणाला, "आता खरं लिही. आईला सांग मी पोचलो म्हणून." त्यानंतरची त्याची घरची सगळी पत्रे मीच लिहिली.

त्या चार बोटांनी मला पुढच्या सगळ्या नोकरीत उपयोगी पडेल असे माप दिले. माझ्या वर्गातली मुले एकमेकांची खेचताना दिसली, की मी आधी पाहत असे, की यात कोणाची झोप, कोणाचे पाणी, कोणाचे हत्यार किंवा कोणाचे घर तर येत नाही ना. दुसरी गोष्ट पाहत असे ती ही, की ज्याची थट्टा झाली तो संध्याकाळच्या चहाला त्याच टोळक्यात बसतो की वेगळा. वेगळा बसला तर त्या थट्टेची चौकशी झालीच पाहिजे. कायदाही याबाबतीत संदिग्ध नाही : १९५० च्या सेना अधिनियमाच्या ४७ व्या कलमानुसार हाताखालच्या माणसाला मारहाण करणे किंवा अन्य प्रकारे छळणे हा अपराध आहे, आणि कोर्ट मार्शलमध्ये तो सिद्ध झाल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. महाविद्यालयांसाठी आपल्या राज्याने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला; सैन्याचा नियम त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. म्हणून मी मैदानावरच्या मुलांना दोन्ही गोष्टी सांगतो. तुमची खेचली जाईल, तेव्हा मनापासून हसा. आणि कोणी छळले, तर गप्प बसू नका. उस्तादांना सांगा, त्यांनी ऐकले नाही तर सुभेदार साहेबांपर्यंत जा.

२०२२ पासून मुले अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात. चारच वर्षे म्हटल्यावर त्यांच्यात पूर्वीसारखी जवळीक होईल का, ही शंका मला बरीच वर्षे सतावत होती. गेल्या रविवारी आमच्या मैदानावरच्या एका मुलाचा प्रशिक्षण केंद्रातून फोन आला. हा मुलगा वर्षभर माझ्याबरोबर धावला होता आणि मगाची गोष्ट त्याने माझ्या तोंडून निदान चार वेळा ऐकली होती. पाय बरे आहेत, जेवण चांगले आहे, वजन वाढले आहे, हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सर, काल मला चुंबकीय उत्तर आणायला धाडलं होतं."

मी विचारले, "मग तू सांगून टाकलेस का, की तुला ठाऊक आहे म्हणून?"

"नाही सर," तो म्हणाला, "मग घेऊन गेलो की. सगळी पोरं खिडकीत थांबली होती."